ग्रंटमध्ये फाइल्सचा क्रम कसा ठरवावा

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील कांद्याचे भाव दाखवणारे एक संकेतस्थळ आपण नाशिकमध्ये सांभाळतो आणि त्याच्या जावास्क्रिप्ट फाइल्स ग्रंट या, ठरवून दिलेली कामे आपोआप करणाऱ्या साधनाच्या कॉन्कॅट टास्कने एकत्र जोडतो, असे समजू. 'जेएस' फोल्डरमध्ये आलेख, आरंभ, भाव आणि पाया अशा चार फाइल्स आहेत. नावे अर्थातच रोमन लिपीत आहेत. 'जेएस/*.जेएस' (तारा म्हणजे कोणतेही नाव) एवढाच पॅटर्न दिला, तर रोमन वर्णक्रमानुसार त्या याच क्रमाने जोडल्या जातात. बाकीच्या फाइल्सना लागणारे ऑब्जेक्ट मात्र 'पाया'मध्ये, म्हणजे सर्वांत शेवटी, तयार होते आणि त्यामुळे पान उघडताच 'आलेख'पाशी एरर येऊन पुढचे सगळे थांबते.

यावर उपाय म्हणून फाइल्सना आकडे लावण्याची पद्धत मला पटत नाही. वर्णक्रमात १० हा आकडा २ च्या आधी येतो, आणि मध्ये एक फाइल घालायची झाली की पुढची सगळी नावे बदलावी लागतात. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे, हे ग्रंटफाइलमध्येच, म्हणजे ग्रंटला कामे सांगणाऱ्या फाइलमध्येच, स्पष्ट दिसले पाहिजे.

ग्रंट पॅटर्नची यादी पहिल्यापासून क्रमाने वाचतो, जुळलेल्या फाइल्स निवडीत टाकत जातो आणि एकदा आलेली फाइल पुन्हा घेत नाही. म्हणून कोणत्या फाइल्स घ्यायच्या ते सांगणाऱ्या 'सोर्स'च्या यादीत आधी 'जेएस/पाया.जेएस' आणि नंतर 'जेएस/*.जेएस' लिहिले, की 'पाया' सर्वांत पुढे येते आणि तिची दुसरी प्रत जोडली जात नाही.

'आरंभ' शेवटी हवी असेल, तर त्याच यादीत पुढे '!जेएस/आरंभ.जेएस' आणि त्यानंतर 'जेएस/आरंभ.जेएस' लिहावे. उद्गारचिन्ह असलेला पॅटर्न तोपर्यंत निवडलेल्या फाइल्समधूनच वगळतो. तो ताऱ्याच्या आधी लिहिला, तर वगळण्यासारखे काही नसते आणि पुढचा तारा ती फाइल पुन्हा आत घेतो. एक तारा उपफोल्डरमध्ये शिरत नाही, त्यासाठी 'जेएस/**/*.जेएस' लागते. हे नियम ग्रंटचे आहेत. दुसऱ्या साधनात ते तसेच असतील, असे गृहीत धरू नये.

बदल केल्यावर टास्क 'व्हर्बोज' पर्यायासह चालवावा. निवडलेल्या फाइल्स जोडण्याच्या क्रमाने टर्मिनलवर दिसतात, त्यात 'पाया' पहिली आणि 'आरंभ' शेवटची आहे याची खात्री करूनच तयार झालेली फाइल सर्व्हरवर चढवावी.