घरच्या स्टुडिओसाठी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर कसं निवडाल?

‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ असं दहा जणांना विचारा, जो तो स्वतः वापरतो त्याचंच नाव सांगेल. माइक, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि खोली तीच असेल तर टिपलेल्या आवाजात सॉफ्टवेअरमुळे फरक पडत नाही. फरक पडतो तो काम करताना. इथे मी एकच उदाहरण धरतो: घरी बसून अभंग, भावगीत, गझल गाणारी व्यक्ती, सोबत पेटी आणि तबला. बीट रचून त्यावर गाणं उभं करायचं असेल तर वाट वेगळी. एफएल स्टुडिओ किंवा एबलटन लाइव्ह त्यासाठीच घडलेले आहेत.

पहिलं काम: ट्रॅक मोजा

एका गाण्याला किती ट्रॅक लागतील ते कागदावर लिहा. तबल्याला एक माइक, डग्ग्याला एक, पेटी, तंबोरा, मुख्य आवाज असे पाच झाले. कोरसचे तीन आवाज धरले की आठ. प्रो टूल्सची फुकट ‘इंट्रो’ आवृत्ती आठच ऑडिओ ट्रॅक देते, म्हणजे नंतर टाळ घालावेसे वाटले तर जागाच नाही. सॉफ्टवेअरमधली वाद्यं कीबोर्डवरून वाजवायची आहेत का, हेही लिहा. तसं असेल तर ऑडॅसिटी बाद, कारण तिच्यात मिडी, म्हणजे कीबोर्डवर कोणती पट्टी कधी दाबली याची नोंद, रेकॉर्ड होत नाही. नुसता आवाज टिपायला, काटछाट करायला ती उत्तम आणि मोफत आहे.

दुसरं काम: आधीच काय हाताशी आहे ते बघा

मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं, आणि त्यातला प्रकल्प पुढे लॉजिक प्रो या अ‍ॅपलच्याच मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा उघडतो. सुरुवातीला मॅकवाल्यांनी दुसरं काही शोधूच नये, असं माझं मत. इंटरफेससोबत बऱ्याचदा क्यूबेस किंवा एबलटन लाइव्हच्या छोट्या आवृत्तीचा कोड येतो. खोका टाकून देण्याआधी तो तपासा. विंडोजवर मी रीपर सुचवेन. पूर्ण सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं, घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही ते फारसं कुरकुरत नाही. पहिल्यांदा उघडल्यावर त्याचा चेहरा रुक्ष वाटतो, हे मात्र खरं.

तिसरं काम: एकच गाणं दोन सॉफ्टवेअरांत करून बघा

इथे घाई करू नका. अंतरा चार-पाच वेळा गा. सगळे टेक एकाच ट्रॅकवर एकाखाली एक राहतात का, आणि त्यांतल्या चांगल्या ओळी निवडून जोडता येतात का, ते बघा. गायकाचा सर्वांत जास्त वेळ यातच जातो.

मग लय. नवा प्रकल्प बहुतेक ठिकाणी चार मात्रांचा आणि १२० टेम्पोचा उघडतो, शिवाय काही ठिकाणी क्लिक, म्हणजे लयीचे टकटक ठोके, चालू. रूपक असेल तर ७/४ करा, दादऱ्याला ६/८. पण अभंगाची लय चढत जाते, ती क्लिकवर बसवायला गेलात तर गाणं मरतं. अशा वेळी क्लिक बंद करून तबला आणि आवाज एकत्रच घ्यावा. ‘स्नॅप’ही बंद करा. ते चालू राहिलं तर कापलेली ओळ सरकवताना जवळच्या रेषेवर उडी मारते आणि सम हुकते. स्नॅप चटकन बंद-चालू करायची कळ सापडत नसेल, तर ते सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नाही.

तिसरी परीक्षा उशिराची. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १०२४ ठेवला तर ४८ किलोहर्ट्झवर तेवढ्यानेच २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागून आल्यासारखा वाटतो. १२८वर हा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, पण लॅपटॉप दमला तर आवाजात कटकट ऐकू येते. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा प्रोग्राम) टाकूनच ही चाचणी घ्या. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये न फिरवता थेट हेडफोनला देणारं, बटण असेल तर नुसतं गाणाऱ्याला या भानगडीत पडायची गरज नाही.

चौथं काम: पैसे आणि बाहेर पडायची वाट

वर्गणीवर चालणारं सॉफ्टवेअर घेताना, वर्गणी थांबल्यावर जुनी गाणी उघडतील का, हे आधी वाचा. चाचणी आवृत्त्यांच्याही अटी असतात. एफएल स्टुडिओच्या चाचणीत प्रकल्प जतन होतो, पण परवाना घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. डिस्कवर जागा ठेवा: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खातो, आणि टेक तर सगळेच साठतात.

शेवटी, पैसे भरण्याआधी, चाचणीच्या गाण्याचे सगळे ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फाइल करून बाहेर काढा. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू झाली पाहिजे, मधूनच नाही. त्या फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक टाकून ऐका. तबला आणि आवाज जागच्या जागी बसले, तर उद्या मिक्सिंग कोणाकडूनही करून घेता येईल.