नागपुरातून यूपीएससी: प्रश्नपत्रिका समोर ठेवून तयारी कशी करावी

नागरी सेवा परीक्षा द्यायची ठरली की आधी पुस्तकांचा गठ्ठा येतो, मग अभ्यासिकेत खुर्ची घेतली जाते आणि प्रश्नपत्रिका बऱ्याच महिन्यांनी उघडली जाते. सुरुवात उलट बाजूने करा. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या (यूपीएससी) संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या छापून घ्या आणि पहिला आठवडा फक्त वाचा. नावाला एक असली तरी ही परीक्षा तीन वेगवेगळ्या कसोट्यांची आहे. पूर्व परीक्षेत बरोबर पर्याय ओळखायचा असतो, मुख्य परीक्षेत वेळेत मुद्देसूद लिहायचे असते आणि मुलाखतीत विचार करून बोलायचे असते. एकीचा अभ्यास दुसरीत आपोआप कामी येत नाही.

गुणांचा हिशेब आधी

पूर्व परीक्षेत २०० गुणांचे दोन पेपर असतात, पण ते गुण पुढे धरत नाहीत. ती फक्त चाळणी आहे. उपलब्ध जागांच्या साधारण १२ ते १३ पट उमेदवार तिच्यातून मुख्य परीक्षेला जातात. मुख्य परीक्षेत नऊ पेपर असतात. त्यांतले मराठी आणि इंग्रजी हे दोन भाषा पेपर, प्रत्येकी ३०० गुणांचे, फक्त उत्तीर्ण व्हायचे. उरलेले सात, म्हणजे निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुणांचे. त्यांचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ मिळून २०२५ गुणांवर अंतिम यादी लागते. त्यातले ५०० गुण एकट्या वैकल्पिक विषयाचे आहेत. म्हणून तो निवडताना ‘गुण देणारा विषय कोणता’ हे विचारू नका. त्या विषयाच्या पाच वर्षांच्या दोन्ही प्रश्नपत्रिका घ्या, अभ्यासक्रम वाचा आणि महिनाभर रोज दोन तास त्याला द्या. कंटाळा आला नाही तर तो विषय तुमचा.

अर्ज: इथली चूक नंतर महागात पडते

परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला वय २१ पूर्ण आणि ३२ च्या आत हवे. ओबीसींना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत आहे. खुल्या प्रवर्गाला सहा संधी मिळतात, ओबीसींना नऊ. पूर्व परीक्षेचा एक पेपर दिला तरी संधी मोजली जाते. नुसता अर्ज भरून गैरहजर राहिल्यास मोजली जात नाही. तेव्हा ‘सरावासाठी एकदा बसून बघू’ हा सल्ला ऐकू नका. सराव घरी घड्याळ लावूनही होतो.

महाराष्ट्रातल्या उमेदवारांची सगळ्यात जास्त अडचण प्रमाणपत्रांत होते. शाळा-कॉलेजसाठी काढलेले जातीचे प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातले असते. इथे केंद्राच्या नमुन्यातले लागते आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यात व्हीजे-एनटी (विमुक्त-भटक्या जमाती) किंवा एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असणाऱ्या अनेक जाती केंद्रात ओबीसीत येतात. राज्याचे एसईबीसी आरक्षण या परीक्षेला लागू नाही. ओबीसींचे नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएसचे उत्पन्न-मालमत्ता प्रमाणपत्र अधिसूचनेत दिलेल्या तारखेच्या आत काढलेले हवे. अधिसूचना साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येते, आणि तेव्हा सेतू केंद्रात रांग लावली तर उशीर झालेला असतो. दिवाळीनंतर लगेच कागदांच्या मागे लागा.

पूर्व परीक्षेचे केंद्र नागपुरात आहे. मुख्य परीक्षेच्या केंद्रांची यादी मात्र बरीच छोटी असते. रायपूर, भोपाळ, मुंबई यांपैकी तुम्हाला कोणते सोयीचे ते आधीच ठरवा.

पूर्व परीक्षा, सकाळचा पेपर

सामान्य अध्ययनात १०० प्रश्न, दोन तास, प्रत्येकी दोन गुण. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश, म्हणजे ०.६६ गुण कापले जातात. इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान आणि चालू घडामोडी एवढा पसारा. सहावी ते बारावीची एनसीईआरटीची पुस्तके, मग प्रत्येक विषयाला एकच संदर्भ पुस्तक आणि त्याच पुस्तकाच्या तीन उजळण्या. चौथे पुस्तक आणण्यापेक्षा तिसरी उजळणी जास्त गुण देते.

अंदाज कधी लावायचा याचे साधे गणित आहे. चारही पर्याय अनोळखी असतील तर दीर्घकाळात हाती शून्य येते. एक पर्याय नक्की बाद झाला तर थोडा फायदा, दोन बाद झाले तर प्रश्न सोडूच नये. सराव पेपर तपासताना प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’, ‘दोनांत अडकलो’ आणि ‘अंदाज’ अशी खूण करा. दहा पेपरांनंतर कुठला अंदाज तुम्हाला महागात पडतो ते कागदावर दिसते.

सीसॅट: दुपारी अडीचचा सापळा

पूर्व परीक्षेचा हा दुसरा पेपर, उताऱ्यांच्या आकलनाचा आणि गणिताचा. ८० प्रश्न, २०० गुण, आणि फक्त ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. २०१५ पासून हा पेपर नुसता पात्रतेचा झाला आणि तेव्हापासून अनेकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. इथे नापास झालात तर सकाळच्या पेपरचा काही उपयोग होत नाही, मग त्यात कितीही बरोबर असो. एका प्रश्नाला अडीच गुण असल्याने २७ बरोबर उत्तरे पुरतात, पण चुकीला ०.८३ कापले जातात. म्हणून लक्ष्य ३२-३३ अचूक उत्तरांचे ठेवा.

मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण इथे आहे. प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते, आणि उताऱ्यांचे हिंदी भाषांतर कधीकधी मूळ इंग्रजीपेक्षा अवघड होते. सुरुवातीपासून रोज दोन इंग्रजी उतारे सोडवा. अडलेल्या वाक्याला तेवढे हिंदी पाहा. गणितात टक्केवारी, गुणोत्तर, वेळ-काम, संख्यांचे गुणधर्म आणि मांडणी-निवड एवढे पक्के करा.

हा सराव दुपारी अडीच ते साडेचार याच वेळेत करा. परीक्षा बहुधा मेच्या शेवटच्या आठवड्यात येते. २०२५ मध्ये ती २५ मे रोजी झाली, म्हणजे नागपूरकरांसाठी ऐन नवतपाच्या, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडावर. दोन पेपरांमध्ये तीन तास असतात. त्या वेळेत उन्हात फिरू नका, सकाळच्या पेपरची उत्तरे जुळवू नका. दुपट्टा, पारदर्शक बाटलीत पाणी आणि हलका डबा घेऊन सावलीत बसा. उत्तरपत्रिकेवर काळे बॉलपेनच चालते. पेपर सुरू होण्याच्या अर्धा तास आधी दार बंद होते, स्मार्ट घड्याळ आत जात नाही.

मुख्य परीक्षा मराठीतून

सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात संस्कृती, इतिहास, समाज, भूगोल, दुसऱ्यात राज्यघटना, कारभार, सामाजिक न्याय, परराष्ट्र संबंध, तिसऱ्यात अर्थकारण, शेती, तंत्रज्ञान, पर्यावरण, सुरक्षा, चौथ्यात नीतिशास्त्र. पहिल्या तिन्हींत २० प्रश्न असतात: दहा प्रश्न १० गुणांचे, १५० शब्दांत, दहा प्रश्न १५ गुणांचे, २५० शब्दांत. १८० मिनिटांत ते बसवायचे म्हणजे एकाला सात आणि दुसऱ्याला अकरा मिनिटे. पहिल्या पाच उत्तरांत जीव ओतून शेवटची तीन कोरी सोडणे ही इथली नेहमीची चूक आहे.

उत्तरे मराठीत लिहिता येतात, पण प्रश्न इंग्रजी-हिंदीतच असतात. म्हणून नोट्स काढतानाच दोन रकान्यांची वही ठेवा: डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे रोजच्या वापरातला मराठी शब्द. शब्द जड वाटला तर मराठी शब्दापुढे कंसात इंग्रजी संज्ञा लिहायला आयोगाची परवानगी आहे. बोजड भाषांतरित मराठी टाळा. परीक्षकाला ती दोनदा वाचावी लागते आणि तुम्हाला लिहायला वेळ लागतो.

उदाहरणे दिल्लीचीच हवीत असे नाही. सामूहिक वनहक्कांवर लिहिताना गडचिरोलीतले मेंढा-लेखा, पाणथळ जागांवर २०२० मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ जागांच्या यादीत आलेले लोणार सरोवर, रखडलेल्या सिंचनावर वैनगंगेवरचे गोसीखुर्द. ही उदाहरणे तुम्हाला आतून ठाऊक असतात आणि उत्तरात ते दिसते.

मराठीचा अनिवार्य पेपर सोपा म्हणून सोडू नका. त्यात निबंध १००, उतारा ६०, सारांश ६०, भाषांतर ४० आणि व्याकरण ४० गुणांचे. ३०० पैकी ७५ हवेत. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांची इथे घसरगुंडी होते, कारण तीन तास देवनागरीत लिहायची हाताला सवयच नसते. आठवड्याला एक सारांश लिहा, तेवढे पुरते.

राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून याच धर्तीवर वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे लिखाणाचा हा सराव दोन्हीकडे उपयोगी पडतो. मार्गदर्शनासाठी सीताबर्डीतले शासनाचे भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे प्रवेश परीक्षेतून मिळतो. ओबीसी, व्हीजे-एनटी आणि एसबीसी विद्यार्थ्यांसाठी ‘महाज्योती’चे मुख्यालय शहरातच आहे. महागड्या शिकवणीचे पैसे भरण्याआधी हे दोन दरवाजे ठोठावा.

मुलाखत

ती दिल्लीत, शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाऊसमध्ये होते. मुख्य परीक्षा मराठीतून दिली असेल तर मुलाखतही मराठीतून देता येते, दुभाषी असतो. प्रश्न बहुतेक तुमच्या सविस्तर अर्जातून निघतात, म्हणून छंदाच्या रकान्यात शोभेसाठी काही भरू नका. नागपूर लिहिलेत की १९५३ चा नागपूर करार, वेगळ्या विदर्भाची मागणी, कापूस उत्पादकांची स्थिती, मिहान, दीक्षाभूमी, संत्र्याच्या बागांचे प्रश्न यांवर दोन्ही बाजू मांडता यायला हव्यात. छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत भारतीय महसूल सेवेचे अधिकारी प्रशिक्षण घेतात, तेव्हा महसूल सेवा पसंतीत वर लिहिली असेल तर तिथे काय शिकवतात हे माहीत असू द्या. अर्जाच्या प्रत्येक ओळीवर दहा प्रश्न स्वतः काढा, आणि त्यांची उत्तरे पाठ न करता कुणासमोर तरी मोठ्याने बोलून पाहा.