१९४३चं अमेरिकन शाळेचं इयरबुक हातात पडलं तर ते वाचायचं कसं

इकडे नेब्रास्कात शनिवारी सकाळी इस्टेट सेल असतात, म्हणजे घरातलं म्हातारं माणूस गेलं की चमच्यांपासून शिवणाच्या मशीनपर्यंत सगळं घर विकायला मांडतात. आम्ही दोघं तिथे बिडाचा तवा मिळतोय का बघायला जातो. दोन वर्षांपूर्वी तवा काही मिळाला नाही, पण ४ डॉलरला एक पातळसं पुस्तक मिळालं, जवळच्याच एका छोट्या गावातल्या हायस्कूलचं १९४३चं इयरबुक, म्हणजे शाळा दरवर्षी काढते ते त्या वर्षातल्या मुलांच्या, मास्तरांच्या आणि कार्यक्रमांच्या फोटोंचं पुस्तक, आणि तेव्हापासून हे वेड लागलंय. आता मित्रमंडळींपैकी कोणाला असं काही सापडलं की ते मला फोटो पाठवून विचारतात की यात बघायचं काय, सगळी तर हसऱ्या पोरापोरींची चित्रं आहेत. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली चूक मी केली ती तुम्ही करू नका. १९४३ म्हणजे दुसरं महायुद्ध ऐन भरात, म्हणून मी युद्धाचं पान शोधत बसलो. ते असतंच, झेंडा, 'आमच्या सैन्यात गेलेल्या मुलांना अर्पण' वगैरे, आणि ते सगळीकडे साधारण सारखंच असतं. ते बघून मी पुस्तक मिटलं, म्हटलं झालं. खरं युद्ध त्या पानावर नसतं, ते बाकीच्या पानांवर जे नाहीये त्यात असतं. त्यामुळे आधी काय काय असायला हवं होतं ते माहीत पाहिजे, नाहीतर काय गायब आहे ते कळणार कसं.

तर शांततेच्या काळातल्या छोट्या शाळेत सिनियर, म्हणजे बारावीच्या वर्गाचं वर्ष कसं जायचं ते थोडक्यात. वर्गाचं एक बोधवाक्य, एक फूल आणि दोन रंग ठरायचे. सिनियर प्ले म्हणजे तीन अंकी विनोदी नाटक, अख्खं गाव तिकीट काढून यायचं, त्या पैशातून सहलीचा खर्च निघायचा. वसंतात स्नीक डे, त्या दिवशी सगळा सिनियर वर्ग पहाटे गुपचूप गाड्यांत बसून पसार व्हायचा, अर्थात मास्तरांना सगळं आधीच माहीत असायचं आणि एक मास्तर सोबतही असायचा. ज्युनियर, म्हणजे अकरावीची मुलं सिनियरना मेजवानी द्यायची. मग एका रविवारी बॅकलॉरिएट, म्हणजे निरोपाची प्रार्थनासभा, आणि शेवटी कमेन्समेंट, पहिल्या नंबरवाल्याचं भाषण, डिप्लोमा, फोटो. आपला दहावीचा निरोप समारंभ वर्षभर ताणून चघळला तर जसं होईल तसं.

आता १९४३चं पुस्तक उघडा आणि पेन्सिल घेऊन नुसतं मोजा. माझ्या पुस्तकात सिनियर १४, त्यात मुलगे ४. हीच बॅच दोन वर्षं आधीच्या पुस्तकात बघितली तर मुलगे ९ होते. म्हणजे आधीच्या एक-दोन वर्षांची पुस्तकंही लागतात, ती गावच्या लायब्ररीत किंवा काउंटीच्या हिस्टॉरिकल सोसायटीत मिळतात, बरीचशी आता स्कॅन करून इंटरनेट अर्काइव्हवर किंवा अँसेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर आहेत. पण मोजताना एक लक्षात ठेवा, गळालेला प्रत्येक मुलगा सैन्यात गेला असं धरू नका. १९४० सालीसुद्धा अमेरिकेत सतरा वर्षांच्या मुलांपैकी साधारण निम्मीच हायस्कूल पूर्ण करत होती. शेतावर माणूस लागायचं, मोठा भाऊ गेला की धाकट्याची शाळा सुटायची. शिवाय कारखान्यांचा पगार. इकडे ओमाहाजवळ मार्टिनचा बॉम्बर विमानांचा कारखाना होता (हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान तिथलंच), हेस्टिंग्जला नौदलाचा दारूगोळ्याचा प्रचंड डेपो, ग्रँड आयलंडलाही दारूगोळ्याचा कारखाना. सोळा-सतराच्या पोराला बीजगणित सोडवण्यापेक्षा तिथला चेक जास्त दिसणार हे उघड आहे.

सैन्याचं गणित तारखेत आहे. सक्तीच्या भरतीचं वय नोव्हेंबर १९४२ मध्ये २० वरून १८ वर आलं. म्हणजे १९४२चा सिनियर मुलगा निदान निवांत डिप्लोमा घेऊन बाहेर पडू शकत होता, ४३च्या मुलाचा अठरावा वाढदिवस शाळेतच यायचा. वर्षाच्या उत्तरार्धात बोलावणं आलं तर अर्ज करून वर्ष संपेपर्यंत मुदत घेता यायची, तरी बरेच जण थांबले नाहीत. त्यामुळे ४२ आणि ४३ ही दोन पुस्तकं शेजारी ठेवलीत तर फरक डोळ्यांना दिसतो, मला तरी ४२च्या पुस्तकात अजून जुनंच जग दिसतं.

पुढे मास्तरांचं पान. तरुण पुरुष मास्तर शोधा. कोच एका फोटोत एक आणि पुढच्या पानावर भलताच, मला आधी छपाईची चूक वाटली, मग कळलं की फुटबॉलचा सीझन संपायच्या आत पहिला कोच सैन्यात गेला आणि बास्केटबॉलला मुख्याध्यापकच उभे राहिले. फुटबॉलच्या फोटोत सहाच पोरं दिसली तर मात्र लगेच युद्धाच्या नावावर टाकू नका. सहा जणांचं फुटबॉल १९३४ मध्ये नेब्रास्कातच, हेब्रॉनला, स्टीफन एप्लर नावाच्या मास्तरांनी छोट्या शाळांसाठी काढलं, ते आधीपासूनच होतं.

एका फोटोने मी खरंच दचकलो होतो. झेंड्यासमोर पंचवीसेक मुलं रांगेत उभी, उजवा हात पुढे ताणलेला, तळवा वर. बघताक्षणी हिटलरच. पण ती अमेरिकेची स्वतःची जुनी सलामी, हिटलरच्या कितीतरी आधीची, प्लेज, म्हणजे झेंड्यापुढची निष्ठेची शपथ म्हणताना तसाच हात करायचे. डिसेंबर १९४२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती बदलून हात छातीवर आणला, कारण उघड आहे. त्यामुळे असा फोटो दिसला तर तो बहुधा त्या डिसेंबरच्या आधीचा, फोटोची तारीख लावायची ही एक सोपी युक्ती.

आता सगळ्यात मजेचा भाग, सिनियर क्लासचं मृत्युपत्र आणि भविष्य. आपल्याकडे गॅदरिंगला शेलापागोटे नाहीतर फिशपॉन्ड पडायचे ना, तोच प्रकार. मृत्युपत्रात प्रत्येक सिनियर आपली एखादी वस्तू नाहीतर खोड मागच्या वर्गाला 'देऊन जातो', कोणी आपले कुरळे केस, कोणी उशिरा यायची कला. लोक हे पान सोडून देतात कारण जोक कळत नाहीत. सोडू नका, वाक्य न् वाक्य वाचा आणि जो जोक कळत नाही तिथे रेशनकार्ड आठवा. माझ्या पुस्तकात एकाने आपल्या खटाऱ्याचे 'साडेतीन टायर' ज्युनियर मित्राला दिलेत. कारण रबर. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हातात जायला लागले आणि अमेरिकेत सगळ्यात आधी, जानेवारी १९४२ मध्येच, टायरवर रेशन आलं. डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलही कूपनवर, साध्या 'ए' स्टिकरवाल्या गाडीला आठवड्याला ४ गॅलन, पुढे आणखी कमी, आणि वेगमर्यादा ताशी ३५ मैल. आता सांगा, त्यात कसला स्नीक डे. माझ्या पुस्तकात स्नीक डेबद्दल एकच ओळ आहे, की वर्ग चालत ओढ्यावर गेला आणि दुपारी परत आला. त्याच शाळेच्या ४१च्या पुस्तकात सहलीला दोन पानं फोटो होते. मी म्हणतो ना, काय गायब आहे ते बघा.

मेजवानीच्या वर्णनात साखर शोधा. मे १९४२ मध्ये साखरेचं रेशन सुरू झालं तेव्हा पहिल्या रेशन बुकांची नोंदणी शाळांमध्येच झाली होती, मास्तर आणि बायाच कुटुंबागणिक फॉर्म भरून पुस्तकं देत होते. (आपल्या मुंबईतही १९४३ मध्ये रेशनिंग आलंच, घरात कोणी म्हातारं असेल तर विचारा, त्याच लढाईची ही दोन टोकं.) फेब्रुवारी ४३ पासून बुटांवरही रेशन, माणशी वर्षाला तीन जोड, तेव्हा डान्सच्या फोटोत पायांकडे बघा. नाटकाच्या पानावर पात्रांची यादी मोजा, बायकांच्याच भूमिका जास्त असलेलं नाटक निवडलेलं दिसलं तर का ते सांगायला नको.

भविष्याचं पान थोडं जपून वाचा. ते लिहिणारं पोर १९४३च्या वसंतात बसून १९६० मध्ये कोण काय झालंय ते कल्पनेने लिहितंय. कोणी हॉलिवूडमध्ये, कोणी चंद्रावर हॉटेल काढलंय, आणि त्या चार मुलांत नसलेला, सैन्यात गेलेला एक पाचवा मुलगा, त्यालाही भविष्य दिलंय, गावात मोठ्ठं दुकान. मला त्या पानावर फार वेळ बसवत नाही.

क्लबांची पानं चाळताना काही शब्द अडतील. व्हिक्टरी कोअर म्हणजे १९४२च्या सप्टेंबरात सरकारच्या शिक्षण खात्याने हायस्कुलांसाठी काढलेली योजना, हवाई, भूदल, नौदल, उत्पादन आणि समाजसेवा असे विभाग, कवायत आणि व्यायाम, १९४४ मध्ये गुंडाळली. स्टँप डे म्हणजे टपालाची तिकिटं नव्हेत, वॉर स्टँप, म्हणजे युद्धासाठी सरकारला उसने दिलेल्या पैशांची तिकिटं. २५ सेंटचे ७५ स्टँप वहीत चिकटवले की १८.७५ डॉलर, त्याचा बाँड मिळायचा आणि तो दहा वर्षांनी २५ डॉलर. वर्गावर्गांत चढाओढ असायची कोण जास्त भरतंय. स्क्रॅप ड्राइव्हचा फोटो बहुतेक असतोच, भंगार लोखंडाचा ढीग आणि वर चढलेली पोरं. १९४२च्या उन्हाळ्यात नेब्रास्काने ही मोहीम एवढी जोरात केली की मग देशभर तीच तऱ्हा उचलली, आणि मला वाटतं माझा बिडाचा तवा त्यातच गेला असणार. पुस्तक ४४-४५चं असेल तर मुलं पोती घेऊन रस्त्याकडेला मिल्कवीडची बोंडं तोडताना दिसतील. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, बोंड फुटलं की तीच रेशमी म्हातारी उडते. लाइफ जॅकेटमध्ये भरायचा कापोक नावाचा हलका कापूस जावाहून यायचा, तो बंद झाला म्हणून ही म्हातारी भरायचे, दोन पोती बोंडं म्हणजे एक जॅकेट.

पुस्तक नेब्रास्कातलं असेल तर 'कँटीन' हा शब्द शाळेचं कँटीन समजू नका, मी समजलो होतो. तो नॉर्थ प्लॅटच्या रेल्वे स्टेशनवरचा. १९४१च्या ख्रिसमसपासून १ एप्रिल १९४६ पर्यंत तिथे थांबणाऱ्या प्रत्येक सैनिकी गाडीला आजूबाजूची गावं आळीपाळीने फुकट खायला घालत होती, गाडी दहा-पंधरा मिनिटंच थांबायची, सॅंडविच, कॉफी, वाढदिवस असेल त्याला अख्खा केक. साठ लाखांच्या आसपास सैनिक जेवून गेले असं म्हणतात. इयरबुकात 'मुलींनी कँटीनसाठी केक केले' एवढंच असतं, साखर कुठून आणली ते नसतं.

आणि सकाळचे फोटो अंधारे दिसले तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका, ९ फेब्रुवारी १९४२ पासून सगळ्या देशाची घड्याळं युद्ध संपेपर्यंत बाराही महिने एक तास पुढे होती, हिवाळ्यात पोरं काळोखातच शाळेत यायची. फोटोच कमी असतील तर फिल्म मिळत नव्हती हेही धरा.

पुस्तक पश्चिम किनाऱ्यावरचं, कॅलिफोर्निया-ओरेगनचं असेल तर आणखी एक मोजणी करा, जपानी आडनावांची. फेब्रुवारी १९४२च्या सरकारी हुकमानंतर साधारण १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत हलवलं, त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिकच. ४१च्या पुस्तकात वर्गाचा सेक्रेटरी असलेला मुलगा ४३मध्ये नाहीच. मान्झानारसारख्या छावण्यांतही हायस्कुलं चालली आणि त्यांनी आपली इयरबुकं काढली, सिनियर प्ले, डान्स, सगळं तारांच्या आत. ती ऑनलाइन बघायला मिळतात, जरूर बघा.

सह्यांची पानं शेवटी. '२ गुड २ बी ४ गॉटन' असलं आकड्यांत लिहिलेलं दहा जागी सापडेल, तो तेव्हाचा फॉरवर्ड मेसेज. त्यातून ज्याने काहीतरी वेगळं लिहिलंय ते शोधा. मुलाच्या सहीखाली पत्ता म्हणून फक्त 'नेव्ही' असेल तर टिपून ठेवा.

आता नावांचा शोध. नावांशेजारी तारा असेल तर नीट बघा, निळा म्हणजे सैन्यात, सोनेरी म्हणजे मेला. पण काळ्या शाईच्या छपाईत दोन्ही सारखेच दिसतात, खाली बारीक अक्षरात खुलासा असतो तो वाचा, आणि पुस्तक मे महिन्यात छापलंय, त्यानंतरचं त्यात काही नाही. १९४० आणि १९५० या दोन्ही जनगणना आता खुल्या आहेत, त्यात एखादं नाव ४० मध्ये आहे आणि ५० मध्ये नाही एवढं तरी समजतं. लष्कराच्या भरतीच्या नोंदी नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर फुकट शोधता येतात. पूर्ण फाइल मात्र मिळेलच असं नाही, १९७३ मध्ये सेंट लुइसच्या रेकॉर्ड ऑफिसला आग लागली आणि १६० ते १८० लाख फायली गेल्या, त्यात या पिढीच्या लष्करातल्या बहुतेक मुलांच्या.

एक माझी माती खाल्लेली गोष्ट सांगतो. उत्साहात मी सह्यांच्या पानांचे फोटो गावाच्या फेसबुक ग्रुपवर टाकले. दुसऱ्या दिवशी एका नातीचा मेसेज आला, आजी अजून आहे, नव्वदीच्या पुढची, आणि तिने एका मुलाला त्या पानावर जे लिहिलं होतं तो आजोबा नव्हता. काढून टाकले लगेच. तेव्हा आधी घरच्यांना विचारा, मग टाका.

पुस्तक स्वतःकडे ठेवायचं तर चिकटपट्टी लावू नका, पेन्सिलीच्या खुणा खोडू नका, फोनने वरून सावली न पाडता सगळी पानं टिपा, मागच्या जाहिरातींसकट, त्यात गावातलं प्रत्येक दुकान असतं. माझं पुस्तक मी शेवटी हिस्टॉरिकल सोसायटीला देऊन टाकलं. त्यांच्याकडे ४२ होतं, ४४ होतं, मधलंच नव्हतं. तिथल्या बाईंनी पुस्तक उघडलं, सिनियरच्या पानावर बोट ठेवून सगळ्यांची नावं मोठ्याने वाचली, आणि चौथ्या मुलाच्या फोटोखाली वेगळ्या शाईत कोणीतरी नंतर लिहिलेली तारीख होती, जून १९४४ची, तिथे थांबून म्हणाल्या, हा माझ्या आईच्या वर्गातला.