बेस ड्रमचे पुढचे हेड निवडताना

ड्रमसेटमधल्या बेस ड्रमला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला, दोन बाजूंनी हेड, म्हणजे ताणलेला पडदा, बसवलेले असते. वादकाच्या बाजूच्या हेडवर बीटर, म्हणजे पेडलने हलणारा ठोकणारा दांडा, आदळतो, तर श्रोत्यांच्या बाजूच्या हेडला, म्हणजे रेझोनंट हेडला, कोणीच स्पर्श करत नाही. त्यामुळे ते विकत घेताना बहुतेकांचे लक्ष रंगाकडे आणि त्यावर बँडचे नाव कसे दिसेल याकडेच असते. प्रत्यक्षात ठोका पडल्यावर आवाज किती वेळ रेंगाळेल, त्यात सूर किती आणि नुसता आघात किती असेल, इतकेच नव्हे तर पेडल पायाला कसे लागेल, हे ठरवण्यात या पुढच्या हेडचा वाटा फार मोठा आहे. ढोलाचे एका बाजूचे पान उतरले की दुसऱ्या बाजूचा आवाजही बसतो, हे ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. येथेही तत्त्व तेच आहे: मागचे हेड आतल्या हवेला ढकलते, हवा पुढच्या हेडला ढकलते, ते परत उलटा जोर लावते, आणि दोन्ही हेड मिळून एकच स्वर तयार करतात.

म्हणून निवडीची सुरुवात जाडीपासून किंवा कंपनीपासून न करता, हेडला छिद्र हवे की नको, या प्रश्नापासून करावी.

छिद्र नसलेल्या हेडमागे हवा कोंडलेली राहते. त्यामुळे आवाज गोल, भरीव आणि लांब येतो, आणि बीटर हेडवरून चटकन परत उसळतो. १८ इंची ड्रमवर जॅझ वाजवणाऱ्यांना हेच हवे असते, कारण त्यांचा बेस ड्रम मायक्रोफोनशिवायही खोलीत ऐकू यावा लागतो आणि त्याला टॉमसारखा, म्हणजे काठीने वाजवायच्या लहान ड्रमसारखा, सूर असावा लागतो. मात्र ज्यांना बीटर हेडवर दाबून धरण्याची सवय आहे, त्यांना ही उसळी सुरुवातीला त्रासदायक वाटते. बीटर हेडवर थरथरतो आणि एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. अशा वादकाने छिद्राचे हेड घ्यावे, किंवा पायाची सवय बदलण्याची तयारी ठेवावी.

छिद्र पडले की हवेला बाहेर जायला वाट मिळते, दोन्ही हेडमधला दुवा सैल होतो, आवाज आखूड होतो आणि बीटरचा आघात स्पष्ट ऐकू येतो. रेकॉर्डिंगमध्ये या कोरड्या, जवळच्या आवाजाची आवड १९६० च्या दशकात वाढू लागली. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी बीटल्सचे ड्रमवादक रिंगो स्टार यांच्या बेस ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन अगदी जवळ आणला, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पुढे १९७० च्या दशकात अनेकांनी पुढचे हेड काढूनच टाकले किंवा त्याच्या मध्यभागी मोठे भोक पाडले.

हे मध्यभागाचे मोठे भोक मात्र टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ स्वराच्या कंपनात हेडचा मधला भागच सर्वांत जास्त हलतो, आणि तोच कापला तर हेड असून नसल्यासारखे होते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर हे नीट लक्षात येते. २२ इंची हेडवर ४ इंची छिद्र सुमारे ३ टक्के जागा घेते, ५ इंची छिद्र ५ टक्के, तर १२ इंची भोक जवळजवळ ३० टक्के. पहिल्या दोहोंत मायक्रोफोन आत जातो आणि ड्रमचा सूरही बऱ्याच अंशी टिकतो. तिसऱ्यात उरतो तो फक्त ठोका. मी घेतलेल्या एका जुन्या २० इंची ड्रमला मध्यभागी १० इंची भोक असलेले हेड होते, आणि तो ड्रमच मुका आहे असे मी कित्येक महिने समजत होतो. अखंड हेड बसवल्यावर त्याच कवचातून, म्हणजे ड्रमच्या नळकांड्यातून, आलेला आवाज ऐकून मला मनापासून हळहळ वाटली.

तेव्हा ध्वनिव्यवस्थेसह मंचावर वाजवणाऱ्याने २२ इंची ड्रमसाठी कडेकडे सरकवलेले ४ किंवा ५ इंची छिद्र असलेले हेड घ्यावे. १८ आणि २० इंचीवर ४ इंचांपेक्षा मोठे छिद्र शक्यतो नको. लहान सभागृहात किंवा चर्चमध्ये मायक्रोफोनशिवाय वाजवायचे असेल, तर अखंड हेडच योग्य. निर्णय होत नसेल तरीही आधी अखंड हेड घ्यावे, कारण छिद्र नंतर पाडता येते, पण पाडलेले बुजवता येत नाही.

आता जाडी. आजचे हेड पॉलिस्टर फिल्मचे असते. त्याआधी वासराचे कातडे वापरत, आणि ते दमट हवेत सैल पडे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्लास्टिकचे हेड आले तेव्हा ही कटकट मिटली, आणि कोकणातल्या पावसाळ्यात वाजवणाऱ्याला त्याचे मोल नक्की कळेल. पुढच्या बाजूस १० मिल जाडीचे, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटरचे, एकपदरी हेड बहुतेक सर्वांना पुरते. या हेडवर बीटर आदळत नसल्याने मजबुतीसाठी दुपदरी हेड घेण्याचे कारण नाही; त्याने आवाज फक्त जड होतो. रेमो कंपनीच्या पॉवरस्ट्रोक ३ किंवा एव्हान्स कंपनीच्या ईक्यू३ सारख्या हेडना कडेने आतून एक पातळ कडे जोडलेले असते, आणि ते वरचे नकोसे स्वर दाबते. ज्यांना उशी किंवा टॉवेल आत ठेवायचा नाही, त्यांनी असे हेड घ्यावे. काळा, पांढरा किंवा पारदर्शक यांतील फरक मुख्यतः डोळ्यांचा आहे.

खरेदीपूर्वी लाकडी रिम, म्हणजे हेड दाबून धरणारे कडे, काढून कवचाचा व्यास एका बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजावा. रिमसकट मोजल्यास आकडा चुकतो. २२ इंच म्हणजे जवळपास ५६ सेंटिमीटर.

अखंड हेडला घरी छिद्र पाडायचे असेल तर चाकू वापरू नये, कारण कडेला राहिलेली बारीकशी खाच ताणाखाली फाटत जाते. योग्य व्यासाचा रिकामा पत्र्याचा डबा गॅसवर तापवून, चिमट्याने धरून, लाकडी फळीवर ठेवलेल्या हेडवर सरळ दाबावा. फिल्म वितळते आणि कड गुळगुळीत होते. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करावे. जागा घड्याळातल्या चारच्या किंवा आठच्या आकड्याजवळ, रिमपासून दोनेक इंच आत घ्यावी, आणि नंतर प्लास्टिकचे संरक्षक कडे बसवावे.

हेड बसवताना रिम आवळणारे सर्व रॉड आधी बोटांनी घट्ट करावेत, मग चावीने समोरासमोरच्या जोड्या अर्धा-अर्धा फेरा फिरवत सुरकुत्या जाईपर्यंत ताण द्यावा. त्यानंतर पुढचे हेड मागच्यापेक्षा किंचित जास्त ताणले तर सूर वाढतो, आणि दोन्ही सैल ठेवले तर आवाज खोल व आखूड होतो. प्रत्येक बदलानंतर दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला बसवून स्वतः दहा-बारा फूट समोर उभे राहून ऐकावे, कारण स्टुलावर बसून ऐकू येणारा आवाज आणि पुढच्या हेडमधून बाहेर पडणारा आवाज यांत बरेच अंतर असते.