स्वयंसेवी संस्थांवरील अंतिम प्रकल्पाचा विषय कसा निवडावा

समाजकार्याच्या शेवटच्या सत्रात अनेक विद्यार्थी आधी संस्था ठरवतात आणि मग तिच्याविषयी काय लिहावे हे शोधू लागतात. हा क्रम उलटा करावा. ‘नंदुरबार जिल्ह्यातील स्वयंसेवी संस्थांचे कार्य’ हा विषय एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. ‘धडगाव तालुक्यातील एका संस्थेच्या पोषण कार्यक्रमात अंगणवाडी सेविकांचे मत कितपत विचारात घेतले जाते’ या प्रश्नाचे उत्तर मात्र एका सत्रात मिळू शकते.

प्रश्न सुचल्यावर प्रथम कागदपत्रे मिळतील का, हे पाहावे. महाराष्ट्रातील बहुसंख्य संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाबरोबरच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे लेखापरीक्षण अहवाल आणि विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात दाखल करावे लागतात. नकलांसाठी सत्राच्या आरंभीच अर्ज करावा.

त्यानंतर माणसे भेटतील का, याचा विचार करावा, आणि खानदेशात हा विचार विशेष काळजीने करायला हवा. सातपुड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी गुजरातकडे जातात व होळीला गावी परततात. ऐन हिवाळ्यात मुलाखतींचे वेळापत्रक आखल्यास ज्यांच्यासाठी संस्था काम करते तेच भेटत नाहीत आणि प्रकल्प कार्यकर्त्यांच्या सांगण्यावरच उभा राहतो. भाषेचेही तसेच आहे. पावरी किंवा भिली येत नसेल, तर दुभाषी मिळेपर्यंत त्या गावांचा विषय घेऊ नये. अहिराणी बोलणाऱ्याने आपल्याच भागातला प्रश्न घ्यावा, कारण घरच्या बोलीत लोक मोकळेपणाने बोलतात.

प्रसिद्ध उदाहरणाचा मोह आवरावा. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या वनसंवर्धनाबद्दल चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि त्या गावावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. शेजारच्या गावांनी त्यातले काय स्वीकारले आणि काय सोडले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

ज्या संस्थेत आपण क्षेत्रकार्य केले, तिथे प्रवेश सुलभ असतो, पण प्रतिकूल निष्कर्ष लिहिताना हात आखडतो. म्हणून लेखी संमती घेतानाच, निष्कर्ष कोणतेही निघाले तरी ते अहवालात येतील, हे स्पष्ट करावे.

मार्गदर्शकांकडे आराखडा देण्यापूर्वी दोन मुलाखती घ्याव्यात आणि एक लेखापरीक्षण अहवाल वाचून पाहावा. एवढ्यातून प्रश्नाला धरून काहीच हाती आले नाही, तर संस्था तीच ठेवून प्रश्न बदलावा.