लेव्हायथन फॉल्स हातात घेण्याआधी हे करा

द एक्सपान्स या अंतराळातल्या विज्ञानकथांच्या सिरीजचं नववं आणि शेवटचं पुस्तक, २०२१ चं. टीव्ही सिरीज बघून डायरेक्ट यावर उडी मारू नका प्लीज, कारण ती सहाव्या पुस्तकापाशीच थांबते आणि सातव्यात गोष्ट जवळपास तीस वर्षं पुढे गेलेली असते, होल्डन, नाओमी ही मुख्य पात्रं सगळी म्हातारपणाकडे झुकलीत, म्हणजे सात आणि आठ वाचल्याशिवाय काहीच कळणार नाही. आधी वाचून बराच काळ झाला असेल तर निदान आठवं परत वाचाच. आणि स्ट्रेंज डॉग्ज ही छोटी कथा अजिबात सोडू नका! कारा आणि तिचा भाऊ कोण ते तिथे कळतं, आणि शेवटच्या भागात काराचं खूप काही आहे.

मध्येमध्ये ‘ड्रीमर’ नावाची विचित्र प्रकरणं येतात, पहिल्यांदा डोक्यावरून जातात, पण पानं उलटू नका, सावकाश वाचा, दूरच्या ताऱ्यांकडे नेणारी ती गेट (अंतराळातली दारं) कोणी बांधली त्याचं उत्तर तिथेच आहे. शेवटची शंभरेक पानं सुट्टीच्या दिवशी ठेवा, मध्ये उठवत नाही हो. उपसंहारही वाचा. द सिन्स ऑफ अवर फादर्स ही याच सिरीजची छोटी कथा मात्र त्यानंतरच.