प्रोफेशन टॅक्स भरताय? आधी नंबर बघा, मग पैसे

माझं अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि दर जूनला, शाळांच्या गर्दीत श्वास घ्यायला फुरसत नसते नेमकं तेव्हाच, शेजारपाजारचं कुणीतरी मोबाईल घेऊन येतं, "अहो, ते पीटीचं कसं भरायचं?" मग यांना आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं की काही नाही हो, 2500 भरून टाका. अर्धवट सल्ला!

प्रोफेशन टॅक्स राज्य सरकारचा, 1975 च्या कायद्याचा. त्याचे नंबर दोन. पीटीईसी (एनरोलमेंट सर्टिफिकेटचा नंबर) म्हणजे तुमचा स्वतःचा, वर्षाला 2500. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराचा वेगळा. पीटीआरसी (रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटचा नंबर) म्हणजे नोकरांच्या पगारातून कापून भरायचा. पगार दहा हजारांच्या वर असेल तर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, बाईमाणसांना पंचवीस हजारांपर्यंत माफ.

नंबर काढणं सोपंय, महाजीएसटीच्या, म्हणजे राज्याच्या जीएसटी खात्याच्या साइटवर पॅन वगैरे टाकून अर्ज करायचा.

आता चलन. इथेच मी आपटलो होतो. माझी दोन्ही सर्टिफिकेटं एकाच फाइलीत, गिऱ्हाईक समोर डायजेस्ट मागतंय आणि मी एका हाताने नंबर टाकतोय, 2500 भरले, पावती आली, खूश. पुढच्या जूनला बघतो तर पीटीईसी थकलेली, कारण पैसे गेले होते पीटीआरसीच्या खात्यात. परत भरले, वर व्याज. चूक माझीच, पण हिशोब बघणाऱ्यानेही वर्षभर पावती उघडून बघितली नव्हती.

तर पीटीईसीचा नंबर 99 ने सुरू होतो, पीटीआरसीचा 27 ने. जीएसटी नंबरपण 27 नेच, म्हणून डोळ्याला तो ओळखीचा वाटतो आणि फसायला होतं. स्क्रीनवर नाव आपलं दिसलं म्हणून गाफील राहू नका, दोन्हीकडे आपलंच असतं. नंबरचे पहिले दोन आकडे मोठ्याने वाचा, हसू दे कुणी हसलं तर.

दुसरा खड्डा वर्षाचा. इन्कम टॅक्सचं रिटर्न आपण मागच्या वर्षाचं भरतो, त्या सवयीने इथेही मागचं वर्ष निवडतात. पीटीईसी चालू वर्षाची असते, एप्रिल ते मार्च, आणि जुन्या नंबरवाल्यांनी 30 जूनच्या आत भरायची. जून 2025 मध्ये भरताना 2025-26 च.

नोकर असतील तर पैसे भरून सुटका नाही, रिटर्नही टाकायचं, कर वर्षाला लाखाच्या आत असेल तर वर्षातून एकदाच, 31 मार्चपर्यंत. त्यात पगार मागच्या मार्चपासून फेब्रुवारीपर्यंतचे धरतात, एप्रिलपासून नाही.

चलनाची पीडीएफ लगेच सेव्ह करा, एमएचने सुरू होणारा जीआरएन, म्हणजे भरलेल्या पैशांचा सरकारी नंबर, दिसतोय ना बघा. मी तर सर्टिफिकेटाच्या झेरॉक्सच्या मागेच तो पेनने लिहितो, पीटीईसीचा निळ्या, पीटीआरसीचा लाल.